जागा मोकळी नाही

४ ऑक्टोबर

आज धावपट्टीवर एक भलंमोठं लाकडी खोकं आलं आणि त्यातून आमच्या हेलिकॉप्टरची सवत निघाली. सहा हात, हातांना सहा पंखे, पोटाखाली माणूस मावेल एवढी झाकणाची पेटी. बसायला जागा नाही, काच नाही, दार नाही. दार नाही म्हणजे मी नाही, कारण माझी अख्खी नोकरी हेलिकॉप्टरच्या दारातली.

सोबत एक बाई आल्या आहेत, तिशीच्या असतील. ड्रोन उडवणं त्यांच्याकडे. म्हणजे उडवायचं असं काही नाहीच, ते आपलं आपण उडतं, बाईंनी फक्त 'जा' म्हणायचं. मी विचारलं, "आत कोण बसतं?"

"कोणीच नाही, काका."

"मग पडलं तर रडायचं कोणी?"

"कोणीच नाही. तोच तर फायदा आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा स्क्रू पिळू लागल्या. मला वाटलं होतं, हसतील.

घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. जेवताना सांगितलं, जेवल्यावर सांगितलं, ती भांडी घासत होती तेव्हा परत सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "अहो, माझे कान किटले. एवढं बोलायचं असेल तर लिहून काढा." आणि कपाटातून ही कोरी वही काढून दिली. तोंड बंद ठेवलं की माझ्या पोटात दुखतं, हे तिला ठाऊक आहे.

७ ऑक्टोबर

लिहायचंच तर नीट लिहावं. वर बर्फात आमची एक चौकी आहे. मूठभर पोरं आणि त्यांचा प्रमुख. रस्ता नाही, आणि थंडी सुरू झाली की पायवाटही बुजते. मग रॉकेल, पीठ, औषधं, पत्रं, सगळं हेलिकॉप्टरनं जातं आणि कोणी आजारी पडलं तर त्याच हेलिकॉप्टरनं खाली येतं. वर आम्हाला टेकायला जागा नाही. चौकीपुढे अंगणाएवढा एक सपाट तुकडा आहे, त्याच्यावर आम्ही हवेत थांबतो आणि दोर सोडतो. दोर सोडणारा मी. कप्तानाला आपल्या पोटाखालचं दिसत नाही, ते मला दिसतं. म्हणून मी उघड्या दारात पालथा पडतो आणि कानातल्या यंत्रातून त्याच्याशी बोलत राहतो. थोडं पुढे, अजून पुढे, आता डावीकडे, बस, बस, तिथंच. वीस वर्षं हेच चाललंय. बायको म्हणते, मी झोपेतही हेच बोलतो आणि ती झोपेतच डावीकडे सरकते.

आज वर पोचलो तर सगळं पांढरं. आकाश कुठं संपतं आणि बर्फ कुठं लागतो ते कळेना. अशा वेळी डोळ्यांना धरायला काही मिळत नाही, आपण वर चाललोय की खाली तेही समजत नाही. पण बगळा उभा होता. बगळा म्हणजे चौकीतला एक उंच, लांब मानेचा गडी. आमचा आवाज आला की तो त्या सपाट तुकड्याच्या मधोमध येऊन उभा राहतो, वाऱ्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून. त्याच्या पाठीवरून कळतं वारा कुठून आहे, आणि त्याच्या पायांवरून कळतं जमीन कुठं आहे. एवढ्या पांढऱ्यात तोच एक काळा ठिपका. मी त्याच्यावर डोळा ठेवून बोलतो. अगदी डोक्यावर आलो की तो दोन पावलं मागे सरतो आणि दोर धरतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. आधीच्यांनी केलं, म्हणून आम्हीही करतो.

पालथं पडून बघताना कधी कधी वाटतं, आपण जागच्या जागीच आहोत आणि तो गडीच हात पसरून हळूहळू वर तरंगत येतोय. आज फार वेळ तसं वाटलं. उतरल्यावरही ते अंगातून गेलं नाही. पट्टीवरून चालताना जमीन मऊ लागत होती, आणि मी मुद्दाम हळू चाललो.

घरी आलो तर बायको धुणं वाळत घालत होती. दुपार कलल्यावर! तिचं हे नेहमीचंच. सकाळी धुऊन पिळून बादली तशीच ठेवते आणि आम्ही उतरल्याचा आवाज आला की मगच दोरीवर घालते. म्हणते, तुमच्या हेलिकॉप्टरची धूळ बसते. घर पट्टीपासून एवढं लांब, इथवर धूळ यायची कुठून? पण तिच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं.

११ ऑक्टोबर

मोठ्या साहेबांचा हुकूम असा की महिनाअखेरपर्यंत ड्रोनची परीक्षा. पास झालं तर हेलिकॉप्टर दुसऱ्या तळावर जाणार, आणि मी दोर गुंडाळून गोदामात बसणार, खोकी मोजत.

आज पहिली फेरी. पेटीत रॉकेलचे डबे भरले, बाईंनी 'जा' म्हटलं, आणि ते गांधीलमाशीसारखं गुणगुणत ढगात शिरलं. भीतीबिती काही नाही. कड्याच्या पलीकडे गेलं की त्याचं चित्र पडद्यावर येत नाही. वायरलेसवर आवाज पोचतो, चित्र पोचत नाही. चित्र जड असतं म्हणे. आम्ही रिकाम्या पडद्याकडे बघत बसलो. मग ते परत आलं, डबे जसेच्या तसे. पडद्यावर एकच ओळ: जागा मोकळी नाही.

बाईंनी चौकीप्रमुखाला वायरलेसवर विचारलं, "तुमची जागा मोकळी होती ना?"

"मोकळी म्हणजे? पोरांनी झाडून घेतलीय हो. एक खडा ठेवला नाही. ते आलं, डोक्यावर घुटमळलं आणि निघून गेलं. आम्ही हाकासुद्धा मारल्या."

हाका मारल्या! मला मनात उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा सुतकी ठेवला. तेवढ्यात कप्तान धावत आला. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो, त्यामुळे आमचं अरे-तुरे आहे. "उतरलं का रे? दिलं का सामान?" नाही म्हटल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं. मला जरा नवल वाटलं. मग लक्षात आलं, बिचाऱ्याला वरच्या पोरांच्या रॉकेलची काळजी. देवमाणूस आहे.

१२ ऑक्टोबर

ड्रोननं आणलेलं चित्र बाईंनी दाखवलं. साधं चित्र नव्हे, उष्णतेचं. थंड असेल ते काळं दिसतं, ऊब असेल ते पांढरं. काळ्याकुट्ट बर्फाच्या मधोमध एक पांढरट डाग होता आणि डागाला दोन फाटे फुटले होते.

"तिथं काहीतरी गरम आहे," बाई म्हणाल्या. "माणूस किंवा जनावर असेल अशी शंका आली तरी हे उतरत नाही, चिरडलं जाऊ नये म्हणून. पण प्रमुख तर शपथेवर सांगतात जागा मोकळी आहे. काका, तुम्ही ती जागा इतकी वर्षं वरून बघताय. काय असेल हे?"

दोन फाटे म्हणजे दोन हात. बगळ्याला मी कुठंही ओळखेन. चौकीत त्याच्या तिथं उभं राहण्याला कोणी अडथळा म्हणतच नाही, तो जागेचाच भाग झालाय. झाडून घेतात आणि त्याला उभं करतात. म्हणजे प्रमुख खोटं बोलला नव्हता.

खोटं मी बोललो. म्हटलं, "चुलीचा धूर असेल. वाऱ्यानं खाली बसतो तिथं."

बाईंनी मान डोलावली. वीस वर्षं तिथं बघितलेल्या माणसाचं कोण खोटं धरतं?

एक मात्र खरं, हे मी माझ्या खुर्चीसाठी केलं नाही. खुर्ची मला नाहीच, मी पालथा असतो. एखाद्या आजारी पोराला त्या पेटीत घालून, झाकण लावून, एकट्याला ढगातून धाडायचं? दोरानं वर ओढून घेतलेल्या माणसाच्या छातीवर मी हात ठेवतो आणि पट्टी येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहतो. ही बघ म्हैस आली, म्हणजे म्हशीसारखा खडक. हे तव्यासारखं गोल तळं. हे जंगल लागलं, आता घर आलंच. पेटीत कोण बोलणार, पंखे? म्हणून केलं. जेवण मात्र गेलं नाही.

१५ ऑक्टोबर

दुसरी फेरी. बाईंनी चौकीला कळवलं की आमचं यंत्र येऊन जाईपर्यंत चूल विझवा, शेगडीही विझवा. पोरं आज्ञाधारक, त्यांनी विझवली. ड्रोन गेलं आणि परत आलं. जागा मोकळी नाही. बाई म्हणाल्या, दगड तापलेले असतील, अजून निवू द्या. दुपारी पुन्हा पाठवलं, पुन्हा तीच ओळ. तोवर वर चूल बंदच.

मी हे सगळं हातात चहाचा पेला धरून ऐकत होतो. पेला गरम होता. तो तसाच खिडकीत ठेवून मी बाहेर आलो.

दुपारी डोळा लागला तर स्वप्न पडलं. मी दारात पालथा पडलोय आणि खाली आमचंच अंगण, बर्फानं भरलेलं. धुण्याची दोरी दिसतेय. दोरीपाशी बायको उभी, वाऱ्याकडे पाठ, हात पसरलेले. मी म्हणतोय, थोडं पुढे, थोडं डावीकडे, आणि हेलिकॉप्टर हलतच नाहीय, तीच तरंगत तरंगत वर येतेय, पण पोचत नाहीय. खालून पाण्यासारखा आवाज येत होता. कोणीतरी सारखं विचारत होतं, जागा मोकळी आहे का, आणि मला उत्तर ठाऊक असून जीभ उचलत नव्हती.

१६ ऑक्टोबर

ढग. लिहिण्यासारखं काही नाही. बायकोनं विचारलं, गप्प गप्प का? म्हटलं, आता वही आहे ना. ती म्हणाली, "वहीत तरी खरं लिहिता ना?" हिला नसत्या शंका फार.

१९ ऑक्टोबर

ढग जरा फाटला म्हणून आम्ही रॉकेल घेऊन गेलो. बगळा उभा होता, पण आज त्याचे हात सरळ राहत नव्हते. खोकला आला की दोन्ही हात खाली जायचे आणि पुन्हा वर यायचे. मी वरून बोलत राहिलो. थोडं पुढे, बस, बस. डबे उतरवले. त्यानं दोर सोडून मान वर केली आणि हसला. एवढ्या उंचीवरून हसू दिसत नाही, पण मला दिसलं.

परतताना वायरलेसवर चौकीप्रमुख म्हणाला, "त्या ड्रोनसाठी अजून किती वेळा चूल विझवायची हो? पोरं कुडकुडतात. बगळ्याच्या छातीत भरलंय. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला उभा करतो, तर ऐकत नाही. म्हणतो, मी नसलो तर दोरवाल्या काकांना जमीन कशी दिसणार?"

मनाशी म्हटलं, उतरलो की आधी बाईंना गाठायचं.

उतरल्यावर कप्तान तसाच बसून राहिला. शिरस्त्राण काढलं नाही, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले. मी विचारलं, "थंडी वाजतेय?"

"हो. थंडीच." मग थोड्या वेळानं, "त्या ड्रोनचं काही जमेलसं दिसतंय का रे?"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "कसलं जमतंय! तू निर्धास्त राहा. आपल्याला कोणी हलवत नाही इथून."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं." धीर दिला की माणसाला बरं वाटतं.

बाईंच्या शेडचं दार लोटलेलं होतं. आत दिवा होता. मी दाराशी थोडा वेळ थांबलो आणि घरी आलो. उद्या सांगू.

२२ ऑक्टोबर

उद्या उद्या करता आजचा दिवस उजाडला.

सकाळीच चौकीतून निरोप आला. बगळ्याला श्वास घेता येत नाही, ओठ निळे पडलेत, छातीत पाणी खळखळतंय. आमचे डॉक्टर म्हणाले, उंचीवरचा आजार आहे, त्यात थंडी बाधलीय. औषध एकच, खाली आणा, आणि आजच आणा. आणि बाहेर ढग असा उतरलेला की समोरचं गोदाम दिसेना.

तरी आम्ही निघालो. नदीच्या वळणापर्यंत खालचं दिसत होतं, मग सगळं दुधात बुडालं. मी दारात पालथा पडलो. खाली काही नव्हतं, वर काही नव्हतं. पंख्यांचा आवाजसुद्धा लांबून कुठून तरी येतोय असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती, झोप येत होती, फार छान झोप. मी म्हणालो, "अजून थोडं पुढे. म्हैस येईल आता. चल, मी बोलतोय ना."

"तुझ्या आवाजाला दिसत नाही रे!" कप्तान ओरडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडला. आणि त्यानं हेलिकॉप्टर वळवलं. वळताना ढगातून एक काळा कडा दारापाशी आला, मी हात लांब केला असता तर लागला असता, आणि परत ढगात गेला.

उतरल्यावर कप्तानाला स्वतःचा पट्टा सोडता येईना. बोटं थरथरत होती. ती थंडी नव्हती. थंडी तेव्हाही नसणार. पट्टा मी सोडला, आणि तसाच बाईंच्या शेडकडे धावलो.

"बाई, तो धूर नाही. तो माणूस आहे. बगळा." एका दमात सगळं सांगितलं. ते लोक जागेवर माणूस उभा करतात, आमच्यासाठी, आणि ड्रोन आलं तरी तसाच उभा करतात. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हेही सांगितलं.

मला वाटलं, आता बाई माझी सालटी काढणार. काढली असती तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं ते हात आहेत म्हणून. पण तुम्ही म्हणालात धूर." मग वायरलेसचा माईक माझ्यापुढे केला. "तुम्हीच बोला. माझं ऐकून ते जागा सोडणार नाहीत."

मी चौकीप्रमुखाला म्हटलं, "ऐका. ड्रोन येतंय. सगळे आत जा. एकही माणूस बाहेर नको. दार लावून घ्या."

"अहो, मग त्याला कळणार कसं कुठं उतरायचं? आज मी स्वतः उभा राहतो ना!"

"नको! कोणीच उभं राहू नका."

"कोणीच नसलं तर त्याला वाटेल, इथं माणसंच नाहीत."

"त्याला तेच वाटायला पाहिजे," मी म्हणालो. "मागे व्हा. अजून मागे. अजून. आत."

जन्मभर जे कप्तानाला सांगत आलो ते आज माणसांना सांगत होतो. तिकडून दार लागल्याचा आवाज आला. मग नुसती खरखर. माझ्या डोळ्यांपुढे ती जागा आली, बगळ्याशिवायची. पांढरी आणि रिकामी. इतकी रिकामी मी ती कधी पाहिली नव्हती.

बऱ्याच वेळानं चौकीप्रमुख कुजबुजला, जसं काही यंत्राला ऐकू जाईल, "उतरलं."

पंखे थांबले तसे ते धावले. बगळ्याला पेटीत झोपवलं, तोंडाला प्राणवायूची नळी लावली, आणि माझ्या सांगण्यावरून वॉकी-टॉकी कानाशी बांधला. त्याला बोलता येणार नव्हतं, फक्त ऐकता. झाकण लावलं, सगळे परत आत पळाले, आणि ते उडालं.

मी डोळे मिटले आणि बोलायला लागलो. "बगळ्या, मी आहे, दोरवाला काका. आत्ता तू चौकीवरून सुटलास. खाली उतार आहे, निवांत पड. आता म्हैस येईल. आली बघ, पाठीवर बर्फ घेऊन बसलीय, आज ओरडायची नाही. आता तुझ्या डाव्या हाताला तळं. गोल, तव्यासारखं. गोठलंय, पण मधे थोडं पाणी मोकळं आहे." ढगातलं मला काय दिसत होतं? काहीच नाही. पण मी पालथा पडलो होतो आणि सगळं माझ्या खालून सरकत होतं, एकेक दगड, एकेक ओहोळ, उन्हात. पलीकडून हूं नाही की चूं नाही. मी बायकोचं सांगितलं, झोपेत डावीकडे सरकते ते. मग सांगण्यासारखं संपलं आणि तोंडातून निघून गेलं, "बगळ्या, तुमची चूल मी विझवली रे. खोटं बोलून विझवली. तू खाली ये, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण ये." बाई शेजारीच होत्या, त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "हे जंगल लागलं. आता घर आलंच."

धुक्यातून गांधीलमाशीचा आवाज आला. झाकण उघडलं तेव्हा बगळ्याचे डोळे मिटलेले होते. मी छातीवर हात ठेवला. हलत होती. डॉक्टर त्याला घेऊन गेले. त्यानं काही ऐकलं की नाही, देव जाणे.

२४ ऑक्टोबर

बगळ्याला शुद्ध आहे. दवाखान्यात गेलो तर खाटेबाहेर पाय काढून पडला होता, खाट पुरत नाही त्याला. मला पाहिल्यावर नळी जरा बाजूला केली आणि म्हणाला, "काका, तुमची एक चूक झाली."

मी म्हटलं, "कबूल आहे रे बाबा."

"तळं उजव्या हाताला होतं. घाईत त्यांनी मला उलटा झोपवला होता. पायांकडून नाही, डोक्याकडून चाललो होतो मी."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणीही आवरेना. परिचारिका रागावली. जरा वेळानं धीर करून विचारलं, "आणि चुलीचं?"

"तेही ऐकलं," बगळा म्हणाला. "त्याचा राग बरा झाल्यावर येईल. आत्ता दम नाही."

३० ऑक्टोबर

निकाल लागला. ड्रोन पास. मोठे साहेब येऊन गेले. चुलीचं मी त्यांना आपणहून सांगितलं. त्यांनी ठपका ठेवला, तो योग्यच होता. आज सकाळी हेलिकॉप्टर गेलं. ज्या दारात आयुष्य गेलं ते बंद करून गेलं, कारण आत आता दुसराच कोणी होता आणि त्याला थंडी वाजत होती.

कप्तान तिथंच उभा होता, साध्या कपड्यांत. तो आता तळावरच्या कचेरीत असेल. मला वाटलं, आता याला सावरावं लागणार. तर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सुटलो रे." आणि हसला. "दोन वर्षं झाली, वर जाताना रोज वाटायचं, आज नाही परत येत. तुझा आवाज होता म्हणून जात होतो." त्यानं हात पुढे केले. एकदम स्थिर होते. दोन वर्षं तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होता, आणि मी त्याला धीर काय दिला, तर आपल्याला कोणी हलवत नाही म्हणून! माझ्याएवढा मूर्ख शोधून सापडणार नाही.

बाई पुढच्या पेटीत डोक्याशी स्पीकर बसवतायत. म्हणाल्या, "यंत्राला कोणी लागत नाही, पण आतल्याला लागतं. बोलायला याल ना? आणि तळं कुठल्या हाताला ते आधी विचारून घ्या." ही बाई थट्टा करते हे मला आज कळलं.

दुपारी लवकर घरी आलो. अंगणात धुणं दोरीवर होतं, वाळून कडक झालेलं. म्हणजे सकाळीच घातलं असणार. बायको बादलीतून एक भिजलेली चादर काढत होती.

"आज सकाळीच?" मी विचारलं. "धूळ नाही बसली?"

"आज वर होतं कोण?" ती म्हणाली.

मी तिथंच थांबलो. इतकी वर्षं. रोज पिळून ठेवलेली बादली, आणि ती आवाजाकडे कान लावून. ओलं धुणं हातात घेऊन वाईट बातमी ऐकायची नव्हती तिला, की हातच चालत नव्हते, कोण जाणे. विचारायचं होतं, पण आज पहिल्यांदा मला शब्द सुचेना. मी दोरीपाशी हात अर्धवट पसरून उभा राहिलो.

"असे बगळ्यासारखे मधोमध काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "बाजूला व्हा बघू. चादर घालायचीय."

मी दोन पावलं मागे सरलो आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.